सायकलला विमा नसतो, पण सायकलस्वाराला हक्क असतो

“सायकलचा इन्शुरन्स आहे का?”

१९९७ साली पोलीस ठाण्यातल्या एका हवालदाराने माझ्या आईला हा प्रश्न विचारला. वडील तेव्हा वालीवच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या मशीनवर हजेरीने कामाला होते. नालासोपारा पूर्वेहून रोज सायकलने जायचे. त्या दिवशी मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवले. मांडीचे हाड मोडले, रॉड बसवला, आठ महिने घरी बसले आणि पाय जवळपास एका इंचाने आखूड झाला तो कायमचाच. इन्शुरन्स नाही, असे आईने सांगितल्यावर हवालदार म्हणाला, “मग कसली केस करता? टेम्पोवाला काही देतोय तर घेऊन टाका.” टेम्पोमालक चाळीत आला, सात हजार रुपये दिले आणि स्टॅम्प पेपरवर सही घेऊन गेला. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढली. आईच्या कानातले गेले. मी आठ वर्षांचा होतो. ‘आपलं नशीब’ हे शब्द त्या वर्षी घरात जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा पुढे कधी ऐकले नाहीत.

पुढे समाजशास्त्रात एम.ए. केले, सामाजिक कामात पडलो आणि एका वकील मित्राबरोबर बसून मोटार वाहन कायदा वाचला. तेव्हा कळले, की त्या हवालदाराचा प्रश्नच चुकीचा होता. विमा सायकलचा लागत नाही, टेम्पोचा लागतो. तो कायद्याने सक्तीचा आहे आणि माझ्या वडिलांसारख्या रस्त्यावरच्या माणसासाठीच तो सक्तीचा केलेला आहे. १९९७ साली भरपाईचा दावा करायला मुदतीची अटच नव्हती. चूक कोणाचीही असो, कायमच्या अपंगत्वासाठी २५,००० रुपये ठरलेले होते. पोलिसांनी अपघाताची माहिती ३० दिवसांत न्यायाधिकरणाला कळवायची होती. आणि आम्हाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क दोन वर्षांपूर्वीच लागू झाला होता. हे सगळे कागदावर होते. आमच्या चाळीत पोहोचले ते फक्त सात हजार रुपये.

मित्रांनो, वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत जाणारे कामगार, पहाटे पाव विकणारे, रात्रपाळीचे वॉचमन आजही सायकलने जातात. त्यांना गाडीची धडक बसते तेव्हा आजही वस्तीत तीच तडजोड होते. म्हणून हा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा. भरपाईचा हक्क कोणा दयाळू सरकारने एका दिवसात दिलेला नाही. तो शंभर-दीडशे वर्षांत तुकड्या-तुकड्याने मिळाला आहे. आणि जो हक्क वस्तीला माहीत नाही, तो समोरच्याच्या फायद्याचा ठरतो.

चाळीसगावचा टांगा

सुरुवात बाबासाहेबांच्या अपघातापासून करू. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी तो स्वतः सांगितला आहे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीवर जायला टांगा हवा होता. महार माणसाला बसवून टांगा हाकणे कमीपणाचे, म्हणून टांगेवाले तयार होईनात. शेवटी तोडगा निघाला, की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकायला टांगेवाला येणार नाही. मग वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

त्या दिवशी कोणी पंचनामा केला असता तर काय लिहिले असते? ‘नवख्या चालकाच्या चुकीमुळे अपघात.’ पण खरे कारण नवखा चालक होता का? खरे कारण होते टांगेवाल्यांचा नकार, म्हणजे जात. तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद हेच शिकवतो, की प्रत्येक गोष्टीला कारणे असतात आणि कारणे बदलता येतात. नशीब आणि पूर्वजन्मीचे कर्म आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडून आलो. मग रस्त्यावरच्या धडकेला ‘नशीब’ का म्हणायचे? पदपथ नाही, सर्व्हिस रोड नाही, खांबावरचा दिवा बंद आहे, टेम्पोचालकाला दिवसात ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या करायच्या आहेत, या सगळ्या कारणांची नावे घेता येतात. ज्याची नावे घेता येतात, त्याचा जाबही विचारता येतो.

कर घेताना दिसणारा, जखमी झाल्यावर न दिसणारा

भारतात अपघाती मृत्यूबद्दल वारसांना भरपाई मागता येईल असा कायदा १८५५ साली आला. इंग्लंडमधल्या १८४६ च्या कायद्याची ती नक्कल होती. पण त्यासाठी दिवाणी दावा लावायचा, कोर्ट फी भरायची, वकील करायचा आणि समोरच्याची चूक सिद्ध करायची. ज्याच्या घरातला कमावता गेला, त्याने हे कसे करायचे? शिवाय तो कायदा मृत्यूपुरता होता.

मोटारी आल्यावर १९१४ चा मोटार वाहन कायदा आला. त्यात नोंदणी होती, लायसन्स होते. गाडीखाली येणाऱ्याचे पुढे काय, याचे उत्तर नव्हते.

सायकल मात्र सरकारला चांगली दिसत होती. जुन्या माणसांना विचारा. नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. बिल्ला नाही, दंड. रात्री दिवा नाही, दंड. डबलसीट, दंड. म्हणजे सायकलवाला कर आणि दंड वसूल करण्यापुरता नागरिक होता. तो जखमी होऊन पडला, की दिसेनासा व्हायचा.

इंग्लंडमध्ये सायकल ही सुरुवातीला मध्यमवर्गाची हौस होती. तिथे १८७८ सालीच सायकलस्वारांचा क्लब स्थापन झाला आणि आपल्या सभासदांच्या बाजूने तो कोर्टात उभा राहू लागला. आपल्याकडे सायकल ही कामगाराची, दूधवाल्याची, पोस्टमनची, चळवळीच्या कार्यकर्त्याची. १९८३ साली मान्यवर कांशीराम यांनी डीएस-४ ची सायकल यात्रा काढली, कारण आपल्या माणसाकडे तेच वाहन होते. पण या माणसांसाठी कोर्टात उभा राहणारा क्लब कधी झाला नाही. ती उणीव आपल्यालाच भरून काढावी लागणार आहे.

‘तिसरा पक्ष’ म्हणजे आपण

१९३९ साली नवा मोटार वाहन कायदा झाला. त्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. याला थर्ड पार्टी इन्शुरन्स म्हणतात. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा पक्ष म्हणजे त्या गाडीमुळे ज्याला इजा होऊ शकते तो माणूस. पायी चालणारा, हातगाडीवाला, सायकलवाला. विचार साधा होता. रस्त्यावर धोका जो आणतो, त्याने त्याच्या परिणामाची तजवीज आधी करायची आणि मग गाडी बाहेर काढायची. हवालदाराचा प्रश्न चुकीचा होता तो या तरतुदीमुळे. आणि तो प्रश्न विचारला गेला तेव्हा ही तरतूद पन्नास वर्षे जुनी झाली होती.

१९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आणली. लोक त्याला क्लेम कोर्ट म्हणतात. लांबलचक दिवाणी दाव्याऐवजी सुटसुटीत चौकशी, असा त्यामागचा हेतू. पण दार उघडले तरी उंबरठा उंचच होता. हरियाणातल्या एका विधवेचा नवरा सरकारी बसच्या अपघातात गेला. तिने भरपाई मागितली, तर सरकार कोर्ट फीसाठी अडून बसले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला खडसावले आणि गरिबाला फी न भरता दावा चालवण्याची मुभा न्यायाधिकरणातही आहे, असा निर्णय दिला. आज आपल्याला ती गोष्ट साधी वाटते. ती त्या बाईने लढून मिळवलेली आहे.

गिरणी संपाचे वर्ष आणि बिनदोष भरपाई

तरी मूळ प्रश्न राहिलाच होता. चूक सिद्ध कोणी करायची? सायकलवाला बेशुद्ध पडलेला, साक्षीदार निघून गेलेले, गाडीवाल्याच्या बाजूने कंपनीचा वकील. मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात असे मत मांडले होते, की विमा सक्तीचा असल्यावर निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य केले. चूक सिद्ध करावीच लागेल, असा निर्णय झाला.

यावर उत्तर संसदेतून आले. १९८२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबरपासून ‘नो फॉल्ट’ म्हणजे बिनदोष भरपाई लागू झाली. मृत्यूसाठी १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वासाठी ७,५००. चूक कोणाची हे विचारायचे नाही. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व मोठे होते.

१९८२ हे वर्ष आपल्या घरांत वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला. माझे आजोबा गिरणीत होते. संपानंतर मुंबईत राहणे परवडेना, तशी आमच्यासारखी अनेक कुटुंबे विरार लाइनला सरकली. गिरणी गेली आणि तिच्याबरोबर युनियनही गेली. गिरणीत बोट तुटले तरी युनियनचा माणूस कागद घेऊन धावायचा. गाळ्यात युनियन नाही, पगारपत्रक नाही, हजेरीचे कार्डही मालकाच्या खिशात. म्हणजे ज्या वर्षी कायद्याने कामगारासाठी एक दार उघडले, त्याच वर्षापासून त्या दारापर्यंत नेणारी माणसे आमच्या हातातून निसटत गेली. माझ्या वडिलांच्या सात हजार रुपयांची गोष्ट मी अशी वाचतो.

पुढे १९८८ चा कायदा आला. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची मुदत काढून टाकली आणि बिनदोष भरपाई ५०,००० व २५,००० केली. जिथे अपघात झाला तिथेच नव्हे, तर जखमी माणूस जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा करायची सोय झाली. १ एप्रिल २०२२ पासून २०१९ ची दुरुस्ती लागू आहे. तिच्या कलम १६४ नुसार चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. पण याच दुरुस्तीने कलम १६६ च्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घड्याळ लावले.

एक माणूस, किती मूल्य?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात एक माणूस एक मूल्य असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारले जाईल. हा विरोधाभास कुठे बघायचा असेल, तर क्लेम कोर्टात बघा.

भरपाईचा हिशेब साधारण असा असतो. महिन्याची कमाई, त्यात पुढे वाढू शकणारी कमाई, गुणिले बारा, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. २००९ च्या सरला वर्मा निकालाने गुणकाचा तक्ता पक्का केला आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने पगारी नसलेल्या, स्वतःच्या कष्टावर कमावणाऱ्यालाही भावी वाढ धरायला लावली. चाळिशीच्या आतल्यासाठी ती ४० टक्के आहे.

आता ३५ वर्षांचा एक गाळा कामगार धरा. महिन्याला १२,००० कमावतो. अपघाताने त्याची कमावण्याची ताकद ३० टक्के कमी झाली. १२,००० अधिक ४० टक्के म्हणजे १६,८००. वर्षाचे २,०१,६००. गुणक १६, म्हणजे ३२,२५,६००. त्याचे ३० टक्के ९,६७,६८०. पण पगाराचा कागद नाही, म्हणून कोर्टाने त्याची कमाई ६,०००च धरली, तर तोच पाय, तीच वेदना, आणि हिशेब ४,८३,८४० वर येतो. उपचाराचा खर्च आणि वेदनेबद्दलची रक्कम वेगळी असते, पण मुख्य आकडा निम्मा झाला. हे निम्मे कोणी खाल्ले? ज्या मालकाने हजेरीचा कागद दिला नाही, त्याने. म्हणजे कामाच्या जागेवरची विषमता दवाखान्यात आणि तिथून कोर्टात माणसाच्या मागे चालत येते. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे, ती अशी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते.

इथेही कष्टकऱ्यांनी लढून काही मिळवले आहे. २०११ साली एका हमालाच्या आणि २०१४ साली एका भाजीविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा माणसाकडे उत्पन्नाचा कागद नसणारच, म्हणून त्याची कमाई शून्य किंवा नाममात्र धरता येत नाही. २०१० च्या राजकुमार निकालाने स्पष्ट केले, की अपंगत्वाची टक्केवारी कामाच्या संदर्भात मोजायची. हात गेल्यावर कारकुनाचे जेवढे नुकसान होते, त्यापेक्षा सुताराचे किंवा ड्रायव्हरचे जास्त होते. २०२१ साली गृहिणीच्या कामालाही मोल असल्याचे न्यायालयाने पुन्हा ठासून सांगितले.

कलम १६४ ची गंमत इथे लक्षात येते. सगळ्या हिशेबात तीच एक जागा अशी आहे, जिथे कंपनीचा मॅनेजर आणि पाववाला यांचे मूल्य एकच आहे. पण ती जमीन आहे, छत नव्हे. एकदा ती ठरावीक रक्कम तडजोडीत स्वीकारली, की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. म्हणून विमा कंपनीचा माणूस घाई करू लागला, तर आधी वकिलाला विचारा आणि मगच सही करा.

‘सायकलवाल्याचीच चूक’

दाव्यात कंपनीचा ठरलेला बचाव असतो, की सायकलवाला उलट्या बाजूने आला, त्याला दिवा नव्हता, तो मध्येच वळला. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात आणि तेवढ्या टक्क्यांनी भरपाई कापली जाते. मुंबईत बेस्टच्या बसखाली गेलेल्या एका सायकलस्वार मुलाच्या २००३ च्या खटल्यात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मुलाच्याही पदरात दोष टाकून रक्कम कमी झाली.

मी म्हणत नाही, की सायकलवाला कधीच चुकत नाही. पण मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सातिवलीपासून पेल्हारपर्यंत कामगाराला उलट्या बाजूने का जावे लागते, हे कधी कोणी पंचनाम्यात लिहिते का? वळण लांब आहे, सायकलसाठी जागा नाही आणि गाळ्यावर पाच मिनिटे उशीर झाला की अर्धी हजेरी जाते. ‘चूक’ हा शब्द इथे चाळीसगावच्या नवख्या चालकासारखा वापरला जातो.

जगात याचा वेगळा विचार झाला आहे. फ्रान्सने १९८५ साली असा कायदा केला, की जखमी पादचारी किंवा सायकलस्वाराची भरपाई त्याच्या साध्या चुकीसाठी कापायची नाही. लहान मुले आणि वृद्ध यांना तर त्याहून जास्त संरक्षण दिले. नेदरलँड्समध्येही भार मोटारवाल्यावर टाकलेला आहे. कारण सोपे आहे. सायकलने मोटारीचा चुराडा होत नाही. जो बलवान वाहन घेऊन येतो, त्याची जबाबदारी मोठी. आपल्या आमदार-खासदारांकडे आपण पुतळे आणि समाजमंदिरे मागतो. ही मागणी कधी मांडली आहे का?

४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. मृत्यू कोणाचाही दुःखदच. त्यानंतर देशभर मागच्या सीटच्या पट्ट्याची आणि त्या पुलाच्या रचनेची चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण त्याच वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. त्यांच्यासाठी कुठला नियम बदलला? सरकारी अहवालात मृतांचे वाहन, वय, लिंग मिळते. जात आणि उत्पन्न मिळत नाही. जे मोजले जात नाही, ते मागताही येत नाही.

गेटच्या बाहेरचा रस्ता

आता कामगारांसाठी एक खास गोष्ट. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याच महिन्यात, २० जुलैला, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या कायद्याने मालकाची चूक न शोधता भरपाई दिली, पण कामाच्या ओघात झालेल्या अपघातालाच. घरून कामावर जातानाचा रस्ता सहसा त्यात धरला जात नव्हता. पुढे न्यायालयांनी काही खटल्यांत ही रेषा थोडी पुढे सरकवली. मुंबईत ड्युटी संपवून बेस्टच्याच बसने घरी निघालेला ड्रायव्हर अपघातात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विधवेचा हक्क मान्य केला.

२०१० साली ईएसआय कायद्यात दुरुस्ती होऊन कामावर जाता-येतानाचा अपघात हा कामावरचाच अपघात मानला गेला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व १९२३ च्या कायद्यालाही लावले. तो खटला मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या वॉचमनचा होता. २००३ साली पहाटे तीनच्या ड्युटीला निघालेला तो माणूस वाटेत गेला आणि त्याच्या बायका-पोरांना बावीस वर्षांनी न्याय मिळाला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही जाता-येतानाचा अपघात धरलेला आहे. म्हणून जखमी कामगाराला पहिला प्रश्न हा विचारा, की पगारातून ईएसआय कापला जातो का? नंबर आहे का? कोणत्या कायद्याखाली मागायचे, हे मात्र वकिलाबरोबर बसून ठरवा, कारण एकाच दुखापतीसाठी कामगार भरपाई कायदा आणि मोटार वाहन कायदा या दोन्हींखाली भरपाई मागता येत नाही.

मोफत वकील हा उपकार नव्हे

१९२३ साली बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केली. त्यांच्याकडे येणारे अशील बहुतेक गरीबच. कोर्टाची पायरी चढायची तर हातात वकील हवा, हे त्यांना रोज दिसत होते. मोफत कायदेशीर साहाय्याचे तत्त्व संविधानात आले ते १९७६ च्या दुरुस्तीने, कलम ३९-अ म्हणून. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आणि तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी.

त्याचे कलम १२ प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात झाला, म्हणजे जातीचा दाखला असलेला बौद्ध इथे हक्कदार आहे. आपल्या शेजारचे वारली, कातकरी, मल्हार कोळी बांधवही हक्कदार आहेत. बाकीच्या गरिबांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. वसईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे.

दवाखान्याच्या दारात कार्ड वाटणारे दलाल ‘आधी पैसे नको, मिळाले की तीस-चाळीस टक्के द्या’ म्हणतात. निकालातल्या रकमेवर टक्का ठरवून वकिली करणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आपण शिष्यवृत्तीसाठी, नोकरीसाठी जातीचा दाखला काढतो. अपघात झाल्यावर तोच दाखला घेऊन विधी सेवा समितीकडे जावे, हे किती घरांत माहीत आहे?

वर्गणी थांबवू नका, पण तिथेच थांबू नका

गेल्या वर्षी आमच्या विहारात येणाऱ्या एका वॉचमनला रात्री कारने धडक दिली. आम्ही दोन दिवसांत वर्गणी जमवली, ग्रुपवर फोटो टाकले, एकमेकांचे कौतुक केले. कागदांकडे कोणी पाहिले नाही. त्या कोणात मीही होतो, सगळे माहीत असलेला मी. त्याची बायको आठव्या महिन्यात माझ्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊ, आता काही होईल का?” सहा महिन्यांची मुदत उलटून गेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ मुदत गेली म्हणून असे दावे फेटाळू नयेत. त्या आधारावर तिचा दावा दाखल होतो आहे. पण अंतरिम आदेशावर कोणी घर बांधू नये. तिला हा धोका पत्करावा लागला, यात आमचा दोष आहे आणि तो मी इथे कबूल करतो.

म्हणून प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात एक वही आणि दोन तरुण असावेत. अपघाताची खबर आली, की त्यांनी एवढे करावे. पहिल्याच दिवशी गाडीचा नंबर, जागेचे फोटो, दोन साक्षीदारांची नावे आणि फोन लिहून घ्यावेत. मोडकी सायकल भंगारात देऊ नये, तो पुरावा आहे. दवाखान्यात एमएलसी नोंद झाली का ते पाहावे. १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून कोणताही डॉक्टर ‘पोलीस केस आहे’ म्हणून उपचार नाकारू शकत नाही. मे २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचाराची केंद्रीय योजनाही आहे, ती तिथेच मागावी. एफआयआरची प्रत घ्यावी. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल, तो गेला का हे लेखी विचारावे. बिले, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे एका पिशवीत ठेवावेत. पगार रोख मिळत असेल, तर सोबतच्या कामगाराचे म्हणणे आणि बँकेचे पासबुक उपयोगी पडते. आणि वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात सहा महिने पूर्ण होण्याची तारीख लिहावी.

आपल्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. त्याच अशोकाने इतर ठिकाणच्या लेखांत लिहून ठेवले, की रस्त्यांच्या कडेला झाडे लावली आणि विहिरी खोदल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी. वाटसरूची काळजी ही राज्याची जबाबदारी आहे, हे या भूमीला बावीसशे वर्षांपूर्वी माहीत होते.

माझे वडील आता सत्तरीचे आहेत. लंगडत विहारात येतात. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांना सगळे सांगितले, काय मिळायला हवे होते ते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मला नाही मिळालं ते जाऊ दे. त्या वहीत पहिलं नाव कोणाचं लिहितोस ते सांग.”

वहीत पहिले नाव त्या वॉचमनचे आहे. दुसरे नाव आपल्यापैकी कोणाचे होऊ नये, आणि झालेच, तर कोणी त्याला ‘सायकलचा इन्शुरन्स आहे का’ विचारून परत पाठवू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!